बिऱ्हाड फोर बाय फोर

मुलांसाठी काय काय करायचं, याची मराठी मध्यमवर्गातली यादी दर दहा-पंधरा वर्षांनी बदलते. एके काळी तिच्यात पोस्टातली बचत होती, मग इंग्रजी माध्यम आलं, मग अबॅकस आणि स्केटिंग आलं. सध्या ‘निसर्गाचा अनुभव’ वरच्या नंबरावर आहे. तो घरबसल्या मिळत नाही, म्हणून चारही चाकांना ताकद पुरवणारी गाडी घ्यायची, तिच्या टपावर तंबू बांधायचा आणि शनिवारी पहाटे पवना, भंडारदरा किंवा कोकणचा किनारा गाठायचा. हा खटाटोप कोणासाठी, असं विचारलं की घरातली सगळी मोठी माणसं एकाच दिशेला बोट दाखवतात. त्या दिशेला सात वर्षांचं एक पोर अर्धवट झोपेत, उलटसुलट चपला घालून उभं असतं. माझं म्हणणं असं, की ते पोर ही निव्वळ सबब आहे. हौस बापाची असते. कधी आईचीही असते, पण ती जरा कमी बोलून दाखवली जाते. सबब पुढे करून हौस भागवण्यात पाप काहीच नाही. आपल्याकडे पुष्कळसे सत्यनारायणही त्याच धर्तीवर होतात. मात्र हौस कोणाची हे एकदा मान्य केलं, तर मुलाच्या वाट्याचा निम्मा जाच कमी होईल, आणि या उपद्व्यापातून त्याला जे खरोखर मिळण्यासारखं आहे त्याला जागा राहील.

पहिला पुरावा खुद्द गाडीचा. महिंद्राने विलीज जीपची जुळणी मुंबईत माझगावला १९४९ मध्ये सुरू केली. तेव्हापासून कित्येक वर्षं जीप म्हणजे लष्कर, वनखातं, पाटबंधारे खातं आणि निवडणुकीचा प्रचार. घरच्यांनी हौसेने बसावं असं ते वाहन नव्हतंच. बसायची वेळ आली तर मागच्या समोरासमोरच्या बाकांवर गुडघ्याला गुडघा लावून बसायचं आणि उतरल्यावर कंबर शोधायची. २०२० साली नाशिकच्या कारखान्यातली नवी थार बाजारात आली, ९ लाख ८० हजारांपासून पुढे, आणि जीप एकदम घरंदाज झाली. पण ती आली तीन दारांनिशी. मागे बसायचं तर पुढची सीट दुमडून त्या फटीतून आत शिरायचं. मुलं शिरतात, आई वाकून शिरते, आजी बाहेरूनच ‘सांभाळून जा’ म्हणते. मागची सीट जागेवर ठेवली की तिच्यामागे दोन सॅका मावतील इतपत जागा उरते. २०२३ मध्ये आलेल्या जिम्नीला दारं पाच आहेत, पण मागची सीट उभी असताना सामानाची जागा २०८ लिटरची. तीत तंबू गेला तर पांघरुणं राहतात आणि पांघरुणं गेली तर शेगडी राहते. कुटुंबासाठी म्हणून घेतलेली गाडी कुटुंबाला विचारते, माणसं नेणार की सामान? मुलांसाठी गाडी घेणारा माणूस शोरूममध्ये आधी मागचं दार उघडून बघतो. हौसेसाठी घेणारा टायरवर हात फिरवतो. शोरूममधल्या कोणत्याही सेल्समनला हा फरक ग्राहक तोंड उघडायच्या आत कळतो.

यावर कोणी म्हणेल, की पाच दारांची थार रॉक्स २०२४ मध्ये आली, आता ही तक्रार शिळी झाली. झाली, मान्य. पण त्याआधी, २०२३ च्या जानेवारीत, दुसरीच एक गंमत घडली होती. थारची फक्त मागच्या दोन चाकांना ताकद देणारी आवृत्ती निघाली, आणि तिला गिऱ्हाइकांचा तोटा पडला नाही. रूप तेच, उंची तीच, दारात उभी राहिल्यावर शेजाऱ्यांच्या चेहऱ्यावर उमटणारा भावही तोच. डोंगर चढायची यंत्रणा तेवढी काढून टाकलेली. यात गैर काही नाही. गाडी पुण्यातल्या कचेरीत जायची असेल तर ते शहाणपणच आहे. पण चारही चाकांची ताकद जर मुलांना रानावनात नेण्यासाठी अत्यावश्यक होती, तर ती वगळल्यावर खप बसायला हवा होता. तो बसला नाही, कारण बरेच लोक यंत्रणा विकत घेत नसून आपण कधीतरी डोंगरात जाऊ ही शक्यता विकत घेत असतात. शक्यतेला दोन चाकं पुरतात.

ज्यांच्याकडे खरोखरच चारही चाकांची गाडी आहे, त्यांची अडचण आणखी वेगळी. गिअरशेजारी एक धाकटा दांडा असतो, त्यावर २एच, ४एच, ४एल अशी अक्षरं असतात, आणि तो दांडा ओढायला घरातून निघाल्यापासून हात शिवशिवत असतो. पण या गाड्यांत तो कोरड्या डांबरी रस्त्यावर ओढायचा नसतो. वळणावर पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत, आणि दोन्ही आस एकमेकांना जखडलेले असले की तो फरक जिरायला जागा राहत नाही. चिखलात किंवा वाळूत चाक थोडं घसरून हिशेब मिटवतं. डांबरावर तो ताण यंत्रणेवर येतो. म्हणजे पुणे ते भंडारदरा हा सगळा प्रवास ही लाखमोलाची गाडी साध्या गाडीसारखीच करते, आणि दांडा ओढायची संधी येते ती शेवटच्या पाचशे मीटरच्या कच्च्या वाटेवर. ती वाटही गावची एसटी आणि दूधवाल्याची मोटरसायकल रोज बिनबोभाट पार करत असते. तरीही तिथे गाडी थांबते. बाप खाली उतरतो आणि टायरमधली हवा कमी करू लागतो. मऊ जमिनीवर हवा कमी केली की टायर पसरतो, जास्त जमीन धरतो आणि कमी रुततो, हे शास्त्र पक्कं आहे. वाळूत तर तिशीतला दाब पंधरा-अठरा पीएसआयवर आणतात. हा दहा मिनिटांचा विधी मात्र मुलाला मनापासून आवडतो. व्हॉल्व्हची चार काळी टोपणं त्याच्या मुठीत दिलेली असतात, हवा फुसफुसत असते, प्रत्येक चाकाशी तो उकिडवा बसतो आणि तोंडानेही तसाच आवाज काढतो. एवढ्या प्रवासात त्याला पहिल्यांदाच कोणीतरी काम सांगितलेलं असतं.

त्याआधीच्या घाटात त्याच्यावर जे गुदरलं, त्याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. गाडी लागण्याचा त्रास दोन ते बारा या वयात सर्वांत जास्त असतो. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते की आपण हलतोय, डोळे समोरच्या सीटच्या पाठीकडे पाहून सांगतात की नाही हलत, आणि या वादाचा निकाल पोट देतं. उंच, डुलणारी गाडी, लहान खिडकी आणि मागची सीट, ही या वादाला पोषक परिस्थिती. त्यात मूल गप्प बसावं म्हणून हातात मोबाइल दिलेला असतो, म्हणजे डोळ्यांची बाजू आणखी भक्कम. मग आलेपाक, लिंबू, प्लास्टिकची पिशवी आणि ‘तरी सांगत होते, निघताना दूध देऊ नका’ हा संवाद. निसर्गाचा अनुभव मुलाला इथेच आलेला असतो, पण तो जमेस धरला जात नाही.

मुक्कामाच्या जागी पोचल्यावर सबब कोण आणि हौस कोणाची, हे अगदी उघडं पडतं. पवना धरणाच्या काठी तंबूंच्या रांगा असतात. एका बाजूला तुंग, दुसऱ्या बाजूला तिकोना, पलीकडे लोहगड-विसापूर. चार किल्ले पाहत झोपावं अशी जागा महाराष्ट्रातही फार नाही. तिथे मिळतं काय, तर गादी, बार्बेक्यू, दोरीवरचे दिवे, मोठ्या पडद्यावर सामना आणि साडेअकरापर्यंत लाउडस्पीकर. घरातली प्रत्येक सोय उचलून आणून वर फक्त कापडाचं छप्पर घातलेलं असतं. स्वतःचा तंबू नेणारे लोक जास्त कट्टर. त्यांच्यातला बाप तंबूच्या पिशवीवरचं चित्र पाहून, मग मोबाइलवरची चित्रफीत पाहून, मग रेंज गेल्यावर आठवून तंबू उभारतो. आतल्या रबरी दोरीने जोडलेल्या त्या बारीक नळ्या एका झटक्यात एकात एक बसतात, आणि नेमका तेवढा भाग मुलाला पहिल्या खेपेला जमतो, कारण त्याला ते खेळणं वाटतं. बापाला ते बांधकाम वाटतं, म्हणून नळी कापडाच्या बोगद्यात अडकते. अर्ध्या तासाने तंबू उभा राहतो, दार वाऱ्याच्या तोंडी. तोवर मुलाला एक काठी आणि एक डबकं सापडलेलं असतं. त्या दोन वस्तूंच्या जोरावर ते दुपार काढू शकतं. त्याची काही तक्रार नसते. तक्रार घरच्यांची असते: ‘एवढे पैसे खर्च करून इथवर आणलं आणि हा बघा, चिखलात बसलाय!’ चिखलासाठीच आणलं होतं, हे कोणाच्या लक्षात राहत नाही.

सगळ्यात ठसठशीत पुरावा काजव्यांचा आहे. मेअखेर ते जून, पाऊस लागायच्या आधी, अकोले तालुक्यात भंडारदरा-घाटघरच्या बाजूला हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे लुकलुकतात. नर काजवा उजेडाची उघडझाप करून मादीला निरोप देत असतो. त्यांचं सगळं स्थळ-सांगून-येणं अंधारावर अवलंबून. ते बघायला येणाऱ्या गाडीच्या टपावर मात्र या मोसमासाठी खास बसवलेली एलईडीची पट्टी असते, बंपरवर आणखी दोन दिवे, आणि वळण घेताना हे सारं पेटवून झाडावर मारलं जातं, ‘मुलांना नीट दिसावं’ म्हणून. मुलांना अर्थातच काही दिसत नाही. दिवे विझवून पाच मिनिटं गप्प उभं राहिलं तर दिसेल, आणि मूल तेवढा वेळ गप्प राहूही शकतं. अंधाराची जरा भीती वाटत असते, त्यामुळे ते आपोआपच होतं. गप्प राहायला जड जातं ते मोठ्यांना. दिव्यांचे पैसे मोजलेले असतात.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा, की तंबूत राहणं आपल्या रक्तात नाही. ते शिकवायला यंत्रसामग्री लागणारच. हे म्हणणं ज्या राज्यात आषाढी वारी निघते तिथे टिकणारं नाही. ज्ञानोबांच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास वाट लाखो माणसं चालतात. दिंडीचा ट्रक पुढे जातो, राहुट्या ठोकल्या जातात, चुली पेटतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सगळं गुंडाळून बिऱ्हाड पुढे निघतं. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात लावून दिलेली ती शिस्त आजही चालते, आणि पावसात, शेतात, लेकराबाळांसह चालते. धनगरांचे वाडे दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन देशावरून कोकणात उतरतात तेव्हा घोड्यावर तंबू, भांडी, कोंबड्या आणि तान्हं मूल एकाच ओझ्यात असतात. त्यांना ते पोटासाठी करावं लागतं, त्यात गंमत कमी आणि कष्ट फार, हे विसरून चालणार नाही. पण मूल उघड्यावर राहू शकतं की नाही, या प्रश्नाचं उत्तर या मातीत केव्हाच मिळालेलं आहे. मूल राहतं. राहू शकत नाहीत ते उशी बदलली की झोप न येणारे लोक.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो जास्त वजनदार आहे. मुलं बरोबर असताना दणकट गाडी असलेली बरी, असं सगळेच म्हणतात. यात तथ्य आहे. ओल्या उतारावर ४एल मध्ये गाडी सावकाश, ब्रेकवर फार भार न देता उतरते, ही खरी सोय. पण चारही चाकांची ताकद गाडी पुढे न्यायला मदत करते, थांबवायला करत नाही. ब्रेक साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात. तरीही पावसाळ्यातल्या घाटात दणकट गाडीतला माणूस जास्त वेगाने जातो आणि तेवढ्याच अंतरात थांबायची अपेक्षा ठेवतो. पाण्याचंही तसंच. थारच्या माहितीपत्रकात ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता दिलेली आहे, म्हणजे पहिलीतल्या मुलाच्या कमरेइतकं पाणी. माहितीपत्रकातलं पाणी मात्र शांत असतं आणि त्याचा तळ माहीत असतो. ओढ्याचं वाहतं पाणी दोन फूट असलं तरी मोठी गाडी उचलून नेऊ शकतं, आणि दोन फूट म्हणजे ६०० मिलिमीटरच्या किंचित वर. मूल मागे बसलेलं असताना हा हिशेब पाण्याच्या काठाशी करायचा, मध्यावर नाही.

तिसरा आक्षेप परदेशाचा. तो नसला तर मराठी वाद पुरा होत नाही. ऑस्ट्रेलियात म्हणे आख्खी कुटुंबं अशाच गाड्यांतून किनाऱ्यावरून फिरतात, मग आपणच का नाही? फिरतात, खरं आहे. क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळचं के’गारी हे जगातलं सर्वांत मोठं वाळूचं बेट. पूर्वी त्याला फ्रेझर आयलंड म्हणत. तिथला लांबच लांब पूर्व किनारा हाच हमरस्ता आहे. पण त्या हमरस्त्यावर वेगमर्यादा आहे, ताशी ८० किलोमीटर. गाडीला परवाना काढावा लागतो. भरतीच्या आधी आणि नंतर दोन-दोन तास गाडी काढू नका, असं सांगितलेलं असतं, त्यामुळे भरतीचं वेळापत्रक पाहून जेवणाची वेळ ठरते. डिंगो नावाचे रानकुत्रे असल्याने मुलांना हाताच्या अंतरावर ठेवा, अशी सूचना असते. मेलबर्न-सिडनीची मराठी मंडळी तिथे जातात आणि हे सगळे नियम बिनतक्रार पाळतात. आपल्याकडे फक्त गाडी आयात झाली, नियमावली बंदरातच राहिली. म्हणून रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यांवर सुट्टी लागली की गाडी लाटांत उतरवली जाते, आणि भरती काही गाडीचं मॉडेल विचारत नाही. २०२४ सरता सरता रेवदंड्याला वाळूत रुतलेली फेरारी बैलगाडीने ओढून काढली, ती चित्रफीत सगळ्या देशाने पाहिली. शिवाय याच किनारपट्टीवर वेळाससारख्या गावांत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, आणि चाकोरीच्या खोल चरात पडलेलं तळहाताहून लहान पिल्लू समुद्रापर्यंत पोचत नाही. मावळात तीच गोष्ट भातखाचरांची. ‘चिखल खेळायला’ म्हणून बांध ओलांडून घातलेली गाडी शेतकऱ्याचा सगळा हंगाम खेळून टाकते. मुलाला निसर्ग दाखवायला न्यायचं आणि त्याच्या देखत तो तुडवायचा, यातून ते काय शिकेल ते सांगायला नको.

इतकं सगळं ऐकल्यावर वाचक विचारेल, मग जाऊच नये का? जावं. आणि शक्य असेल तर ती फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घेऊनच जावं, कारण तिच्यात एक शैक्षणिक गुण आहे, ज्याची जाहिरात कोणतीही कंपनी करत नाही. ही गाडी बापाला अशा जागी नेते जिथे साध्या गाडीने तो गेलाच नसता, आणि मग ती तिथे रुतते. चाकं जागच्या जागी फिरतात, फिरतात तशी खाली जातात, दांड्याची सगळी अक्षरं आजमावून होतात, पायाखालच्या रबरी मॅट चाकांखाली घालून होतात. शेवटी बाप पायी गावात जातो. घरात ज्याला सगळं येतं, शाळेतल्या शिक्षकांनाही जो दोन गोष्टी सुनावतो, तो माणूस एका लुंगीवाल्या अनोळखी माणसासमोर उभा राहून ‘दादा, जरा मदत कराल का’ असं म्हणतो. दादा आधी चहा संपवतो, मग ट्रॅक्टर काढतो, साखळी लावतो, ‘गिअर न्यूट्रलला ठेवा साहेब आणि काही करू नका’ असं सांगतो, आणि दोन मिनिटांत गाडी बाहेर. मूल हे सगळं डोळे विस्फारून पाहत असतं. मोठी माणसं अडतात, अडली की विचारतात, विचारलं की मदत मिळते, आणि मदत करणाऱ्याला या जागेची आपल्या बापापेक्षा जास्त माहिती असते: एवढी शिकवण कोणत्याही संस्कारवर्गात एका दुपारी मिळत नाही. गाडी, तंबू, दिवे, पंप, हे सगळं ज्या फजितीला टाळण्यासाठी विकत घेतलं, ती फजितीच मुलाच्या खात्यात जमा होते. बाकीचा खर्च मोठ्यांच्या हौसेखाली लिहावा; तिथे तो शोभतो.

तेव्हा येत्या शनिवारी निघणार असाल तर जरूर निघा. दूध निघताना देऊ नका. लाउडस्पीकर घरी ठेवा, दिव्यांची पट्टी विझवा, खाचरात आणि किनाऱ्यावर गाडी घालू नका, हवा कमी केलीत तर परत भरायचा पंप बरोबर असू द्या आणि व्हॉल्व्हची टोपणं मुलाकडेच द्या. त्याला डबकं सापडलं तर अर्धा तास हाक मारू नका. आणि ट्रॅक्टरवाले दादा जे पैसे सांगतील ते घासाघीस न करता द्या. त्या सहलीत मुलासाठी म्हणून झालेला तेवढाच खर्च खरा असतो.